जहाज नंतर, आधी कोर्टाचा कागद

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्यातल्या बऱ्याच जणांची सून नाहीतर जावई आता इटालियन, पोलिश, आयरिश घरातले आहेत, त्यामुळे नातवाला शाळेत फॅमिली ट्रीचा प्रोजेक्ट आला की हे काम आपल्याच गळ्यात पडतं. व्याही हमखास सांगतात, आमचे पणजोबा एलिस आयलंडला, म्हणजे बाहेरून येणाऱ्यांची तपासणी व्हायची त्या न्यूयॉर्कच्या बेटावर उतरले आणि तिथल्या क्लार्कनं आडनाव बदलून टाकलं. अहो, तिथे नावं लिहून घेतच नव्हते! प्रवाशांची यादी बनायची निघतानाच्या बंदरात, जहाज कंपनीचे लोक बनवायचे, आणि इकडचा इन्स्पेक्टर ती यादी समोर धरून माणूस ताडून बघायचा, सोबत दुभाषी असायचे, न्यूयॉर्कचे पुढचे मेयर ला ग्वार्डिया पण तरुणपणी तिथे दुभाषीच होते. नाव बदललं ते नंतर, बहुतेक वेळा त्या माणसानं स्वतःच.

म्हणून मी सांगतो की जहाजापासून सुरुवात करू नका. यादीत जुनं नाव असतं आणि तुम्ही शोधताय नवीन, मग सापडणार कसं? आधी नागरिकत्वाचा कागद शोधा. तो कधी झाला याचा अंदाज सेन्ससवरून, म्हणजे जनगणनेवरून येतो, १९०० ते १९३० च्या सेन्ससमध्ये माणूस परका आहे, अर्ज केलाय की नागरिक झालाय याचा कॉलम आहे, आणि १९२० मध्ये तर नागरिक झाल्याचं सालच विचारलंय.

एक तारीख मात्र डोक्यात ठेवा, २७ सप्टेंबर १९०६. त्याआधी कुठल्याही कोर्टात, म्हणजे काउंटीच्या, शहराच्या, जिथे जवळ पडेल तिथे नागरिक होता यायचं आणि कागदावर बऱ्याचदा एवढंच की अमुक माणूस अमक्या राजाची निष्ठा सोडतोय, बस. त्या तारखेनंतर छापील फॉर्म आले, एक कॉपी वॉशिंग्टनला जायला लागली, आणि फॉर्मवर जन्मगाव, बायकामुलं, जहाजाचं नाव, उतरल्याची तारीख सगळं. १९२९ पासून तर फोटो पण! एवढं हातात आलं की जहाजाची यादी पटकन सापडते. आजीच्या नावाचा कागद मिळत नाही म्हणून घाबरू नका, १९२२ पर्यंत नवरा नागरिक झाला की बायको आपोआप व्हायची, तिचा वेगळा अर्जच नसायचा.

यादी मिळाली की घाईनं डाउनलोड करून बंद करू नका, शेवटची पानं पण बघा. तिथे अडवून ठेवलेल्यांची वेगळी यादी असते, का अडवलं, कोण न्यायला आलं, आणि किती वेळा नाश्ता-जेवण दिलं त्याचेही आकडे आहेत, कारण बिल जहाज कंपनीला लावायचं होतं. मला तर मुख्य यादीपेक्षा हीच जास्त आवडते. नावावर रेघ मारलेली दिसली तर बहुतेक तिकीट काढलं पण माणूस चढलाच नाही, मग पुढच्या जहाजांवर शोधा. नावाच्या ओळीत, बहुतेक व्यवसायाच्या रकान्यात, बारीक आकडे आणि तारीख खरडलेली असेल तर सोनंच, नागरिकत्वाच्या अर्जाच्या वेळी कुणीतरी ही यादी तपासली होती त्याची ती खूण असते.

आता आपल्या लोकांचं. तेव्हाच्या कायद्यात बाहेरून आलेल्यांपैकी गोऱ्यांना आणि आफ्रिकन वंशाच्यांनाच नागरिक होता यायचं. मुंबईचे पारशी व्यापारी भिकाजी बलसारा नागरिक झाले आणि १९१० मध्ये अपील कोर्टानं ते कायम ठेवलं, पण १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं की भारतीय हे कायद्यातल्या अर्थानं गोरे नाहीत, आणि मिळालेलं नागरिकत्व सुद्धा बऱ्याच जणांचं काढून घेतलं. भारतीयांना नागरिकत्वाचं दार उघडलं थेट १९४६ मध्ये. त्यामुळे मधल्या वर्षांतला कुणी भारतीय शोधत असाल तर नागरिकत्वाचा कागद बहुतेक नसणारच किंवा रद्द केलेला असेल, तिथे मात्र जहाजाची यादीच आधी बघावी लागते. आणि १९१७-१८ ची सैन्यभरतीची कार्डं जरूर बघा, त्यात नागरिक नसलेल्या पुरुषांनाही नाव नोंदवावं लागत होतं, पत्ता आणि मालकाचं नाव दोन्ही मिळतं.