‘मा’ एक नाही, सहा आहेत

बसा बसा, पुढे या. आधी सगळ्यांनी एकदा ‘हो’ म्हणा. आता विचारल्यासारखं, हो? आता आई पाचव्यांदा हाक मारतेय तसं, होऽऽ. सूर तीनदा बदलला पण शब्द तोच राहिला ना? व्हिएतनामीत असं होत नाही, तिथे सूर बदलला की शब्दच दुसरा.

‘मा’ सपाट म्हटलं तर भूत. सूर वर चढवला की आई, म्हणजे दक्षिणेत हं, उत्तरेत आईला वेगळाच शब्द आहे. खाली सोडला तर ‘पण’. खाली नेऊन परत वर आणला तर कबर. गळ्यात मधेच तोडून वर नेला तर घोडा, हा चिनीतून आलेला. आणि खाली दाबून पटकन तोडला की भाताचा तरवा, म्हणजे लावणीची रोपं, कोकणातल्यांना लावणीच आठवेल. उत्तरेत हनोईकडे असे सहा सूर, दक्षिणेत सायगावकडे कबर आणि घोडा यांचा सूर एकच होतो म्हणून पाच.

आता माझं दुखणं. मी यावर एका अंकासाठी लेख लिहिला होता, व्हिएतनामी रोमन लिपीतच लिहितात ना, तर त्या अक्षरांवर सुराची एकेक खूण नीट देऊन, रात्री जागून. छापताना फॉन्टने खुणा गिळल्या, सहाही शब्द सारखे दिसायला लागले, आणि तपासणाऱ्यांना वाटलं चुकून सहा वेळा टाइप झालंय, म्हणून त्यांनी पाच खोडले! खाली वाक्य तसंच, ‘वरील सहा शब्द पाहा’. मला आजही त्याचा राग येतो, कारण त्या खुणा म्हणजे नक्षी नाही, त्या स्पेलिंगच आहेत. 1651 साली रोममध्ये छापलेल्या अलेक्झांडर द ऱ्होड्स या जेझुइट मिशनऱ्याच्या व्हिएतनामी कोशात त्या आहेत, तेव्हा खिळे जुळवून जमलं आणि आपल्याला कॉम्प्युटरवर जमू नये? म्हणून सांगतो, ‘एका शब्दाचे सहा अर्थ’ म्हणू नका, ते सहा शब्द आहेत.

पाच मिनिटं राहिली म्हणतायत आणि योरुबा तर अजून सुरूच केली नाही. नायजेरियाच्या नैर्ऋत्येची भाषा, सूर तीनच, वरचा मधला खालचा. ‘ऑको’ दोन्ही अक्षरं मधल्या सुरात म्हटली तर नवरा, दुसरं वर नेलं तर कुदळ, खाली नेलं तर होडी किंवा गाडी, दोन्ही खाली तर भाला. आणि म्हणूनच त्यांचा दुन्दुन नावाचा ढोल बोलू शकतो. आपल्या डमरूसारखा आकार, काखेत धरून दोऱ्या आवळल्या की सूर चढतो, सैल सोडल्या की उतरतो. पण ढोलातून नुसता सूर येतो आणि सारख्या सुराचे शब्द पुष्कळ, त्यामुळे वाजवणारा एकटा शब्द वाजवत नाही, सगळ्यांच्या ओळखीचं अख्खं वाक्य वाजवतो. मिशनऱ्यांनी युरोपियन चालींवर योरुबा भजनं बसवली तेव्हा नेमकं हेच बिघडलं, शब्द खाली जातो तिथे चाल वर, ऐकणाऱ्याला भलताच शब्द ऐकू येतो.

रेकॉर्डिंग फोनवर आहे, ज्यांना ऐकायचंय त्यांनी चहाच्या टेबलापाशी या.