डिस्कने उत्तरच दिलं नाही तर?

नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय, ‘व्हर्च्युअल मशीनच्या डिस्क साठवणीला एनएफएसची जोड’. असा विषय वाचूनही इतकी मंडळी आलीत, याचा अर्थ इथल्या बहुतेकांना याच कारणासाठी अपरात्री कोणीतरी उठवलेलं आहे. त्यामुळे एनएफएस म्हणजे दुसऱ्या सर्व्हरवरच्या फायली नेटवर्कवरून वापरण्याची पद्धत, हायपरव्हायझर म्हणजे एका यंत्रात अनेक व्हर्च्युअल मशिनं चालवणारं सॉफ्टवेअर, याहून जास्त ओळखीत वेळ घालवत नाही. जे चुकून आले असतील त्यांनी शेजाऱ्याला विचारावं. शेजारीही चुकून आला असेल तर दोघांनी मागे बसावं, दार तिकडेच आहे. (हशा)

ही जोड देणं वरवर फार सोपं असतं. व्हर्च्युअल मशिनं सांभाळणाऱ्या आपल्या सॉफ्टवेअरमध्ये साठवणीच्या प्रकारांच्या यादीत एक नाव वाढवायचं, खाली सर्व्हरचा पत्ता आणि एक्सपोर्टचा, म्हणजे त्याने वाटायला ठेवलेल्या फोल्डरचा, पाथ विचारायचा. मागे माउंट होतं, म्हणजे ते फोल्डर आपल्या होस्टला, मशिनं चालवणाऱ्या यंत्राला, जोडलं जातं, त्या फोल्डरमध्ये डिस्क इमेजची फाईल तयार होते, मशीन बूट होतं. डेमो झाला, टाळ्या झाल्या, तिकीट बंद. माझं सगळं भांडण त्या बंद केलेल्या तिकिटाशी आहे.

सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ साली एनएफएस आणलं ते फायली वाटून वापरण्यासाठी. फाईल उघडली नाही तर प्रोग्रॅम तसं सांगतो, माणूस चरफडतो आणि जरा वेळाने पुन्हा बघतो. पण तीच फाईल जेव्हा एखाद्या मशीनची अख्खी डिस्क असते, तेव्हा आतल्या गेस्टला, म्हणजे त्या मशीनमधल्या ऑपरेटिंग सिस्टिमला, मध्ये नेटवर्क आहे हे ठाऊकच नसतं. त्याच्या लेखी डिस्क दोनच गोष्टी सांगते: लिहिलं, नाहीतर बिघडले. ‘थांब जरा, स्विच रीबूट होतोय’ असं म्हणणारी डिस्क त्याने बघितलेली नाही. तेव्हा उत्तर आलं नाही तर काय करायचं, हे ठरवणं हीच खरी जोड. माउंट काय, कोणीही करतो.

इथे एक किस्सा. संयोजक घड्याळाकडे बघतायत, पण तो सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

एका ठिकाणी, नाव नको, सगळी व्हर्च्युअल मशिनं एकाच एनएफएस सर्व्हरवर होती. एका दुपारी स्विचचं फर्मवेअर बदललं. नेटवर्क काही मिनिटं गेलं, परत आलं. डॅशबोर्ड हिरवे, पिंग लागतोय, वेबसाइट उघडतेय. संध्याकाळी हिशेब खात्यातून फोन: दुपारपासूनची एकही नोंद दिसत नाही. मग नेहमीचा खेळ सुरू. नेटवर्कवाले म्हणाले, आमचं केव्हाच परत आलंय. स्टोरेजवाले म्हणाले, आमच्याकडे एकही एरर नाही, आणि ते अगदी खरं होतं. ॲप्लिकेशनवाले म्हणाले, लॉग बघू. लॉग नेमका दुपारी थांबलेला. लॉग थांबला म्हणजे ॲप्लिकेशन थांबलं असणार, असं कोणीतरी काढलं आणि त्यावर तासभर बैठक चालली. ॲप्लिकेशन ठणठणीत चालू होतं हो! लॉग लिहायला डिस्कच नव्हती. (हशा) अर्ध्याअधिक मशिनांतल्या ईएक्सटी-फोर या फाइलसिस्टिमने स्वतःला रीड-ओन्ली, म्हणजे फक्त वाचण्यापुरतं, करून घेतलं होतं. कर्नलने, म्हणजे गेस्टच्या गाभ्याने, तसं कळवलंही होतं, पण तो निरोप साठवणार कुठे? त्याच डिस्कवर. शेवटी एकाने एका मशीनचा कन्सोल उघडला, तर पडद्यावर ती ओळ दुपारपासून निवांत बसलेली: ‘रिमाउंटिंग फाइलसिस्टिम रीड-ओन्ली’.

माउंटच्या पर्यायांत ‘सॉफ्ट’ होतं, आणि सोबत टाइमआउटही खाली आणलेला. सॉफ्ट म्हणजे ठरल्या प्रयत्नांत सर्व्हर बोलला नाही की क्लायंट हात वर करतो आणि वरच्याला आयओ एरर, म्हणजे वाचता-लिहिता आलं नाही असा निरोप, देतो. क्यूएमूने, म्हणजे तिथल्या हायपरव्हायझरने, ती एरर इमानदारीत गेस्टला पोचवली. डिस्क गेली असं समजून गेस्टने लिहिणं बंद केलं. प्रत्येकाने आपापलं काम चोख केलं, आणि नोंदी बुडाल्या.

आता सॉफ्ट घातलं कोणी आणि का? तर मॉनिटरिंगच्या स्क्रिप्टमधलं ‘डीएफ’ (मोकळी जागा सांगणारी कमांड) अडकायचं. हार्ड माउंटवर सर्व्हर गप्प झाला की डीएफ वाट बघत बसतं, त्याच्यामागे पुढच्या मिनिटाचं डीएफ, लोड ॲव्हरेज (खोळंबलेल्या कामांचा आकडा) चढत जातं, अलार्म वाजतात. सॉफ्ट घातल्यावर अलार्म थांबले. म्हणजे डिस्कवर जागा किती उरली हे बिनत्रास कळावं म्हणून डिस्कवर जे होतं तेच पणाला लावलं. हे मला अजून पचत नाही, आणि दर वर्षी कुठे ना कुठे हेच बघायला मिळतं.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. म्हणजे ज्यासाठी बोलावलं ते आता पाच मिनिटांत.

तर, लिहिता येणाऱ्या डिस्कसाठी हार्ड माउंटच. माउंटचे पर्याय मोकळ्या चौकटीत विचारूच नका, लोक सॉफ्ट लिहितात. हार्डमध्ये गेस्ट थांबून राहतो. व्हर्टआयओ ब्लॉक डिस्क, म्हणजे व्हर्च्युअल मशीनसाठीच बनवलेली, असेल तर तो निमूट थांबतो. १२० सेकंदांनी कर्नल कुरकुरतो, पण मोडत नाही. नकली स्कझी डिस्क, म्हणजे खऱ्या हार्डवेअरची नक्कल, दिली असेल तर लिनक्स गेस्टची मुदत ३० सेकंद, विंडोजची सहसा ६०. ती वाढवा. आणि तरीही एरर आलीच, तर ती गेस्टला देऊ नका, मशीन जागच्या जागी थांबवा. क्यूएमूमध्ये लिहिताना जागा संपली तर मशीन आपोआप थांबतं, बाकीच्या एरर मात्र गेस्टकडे जातात. लिबव्हर्टमध्ये, म्हणजे क्यूएमू सांभाळणाऱ्या वरच्या थरात, एरर पॉलिसी ‘स्टॉप’ ठेवा, साठवण परत आली की मशीन पुढे चालू करा, गेस्टला पत्ताही लागत नाही. डीएफचं दुखणं वेगळ्या प्रोसेसमध्ये टाका. ती अडकली तर अडकू दे, मुख्य डेमन, मागे सतत चालणारा प्रोग्रॅम, मोकळा राहतो. ओव्हर्ट हे व्हर्च्युअल मशिनं सांभाळणारं सॉफ्टवेअर, त्यांनी हेच केलंय.

दुसरं, कॅशे, म्हणजे मेमरीतली तात्पुरती प्रत. एनएफएस एवढंच कबूल करतं की एकाने फाईल बंद केल्यावर दुसऱ्याने उघडली तर नवं दिसेल. लाइव्ह मायग्रेशनमध्ये, म्हणजे चालू मशीन दुसऱ्या होस्टवर हलवताना, नवा होस्ट फाईल उघडतो तेव्हा जुन्याने ती बंद केलेली नसते! म्हणून होस्टचं कॅशे मधून काढा, ‘कॅशे नन’. सर्व्हरच्या बाजूला एक्सपोर्ट ‘सिंक’, म्हणजे डिस्कवर गेल्याशिवाय पक्कं न म्हणणारा, आहे ना, तेही बघा. एनएफएसच्या आवृत्ती ३ मध्ये छान सोय आहे: सर्व्हर लिहिण्याच्या उत्तरासोबत एक खुणेचा आकडा देतो, तो रीबूट झाला की आकडा बदलतो, मग क्लायंट पक्कं न झालेलं पुन्हा पाठवतो. ‘असिंक’ असलं की सर्व्हर मेमरीतल्यालाच पक्कं म्हणतो, क्लायंट आपली प्रत टाकून देतो, आणि मग पुन्हा पाठवायला काही उरत नाही.

रूट स्क्वॉश भराभर सांगतो: होस्टचा रूट, म्हणजे सर्वाधिकारी खातं, सर्व्हरवर बिनहक्काचा ‘नोबडी’ होतो, इमेजची मालकी बदलायला जाल तर नकार मिळेल. मालकी आधीच नीट लावा, नो-रूट-स्क्वॉश, म्हणजे हा बदल बंद करणं, हा पहिला उपाय नव्हे.

लॉक, म्हणजे एकच इमेज दोघांनी एकदम वापरू नये म्हणून लावलेली खूण. याला खरं तर अर्धा तास हवा होता. व्हीएमवेअर एनएफएसच्या आवृत्ती ३ वर एनएफएसचं लॉकिंग वापरत नाही, शेजारी स्वतःची लॉक फाईल ठेवतं. २०१५ साली त्यांच्याच व्हीस्फीअर ६ मध्ये एनएफएस ४.१ आलं, ते सर्व्हरचे लॉक घेतं. तेव्हा तोच डेटास्टोअर, म्हणजे साठवणीची तीच जागा, एका होस्टवर ३ ने आणि दुसऱ्यावर ४.१ ने माउंट केला, तर कोणालाच कोणाचा लॉक दिसत नाही. एकच मशीन दोन्हीकडे सुरू होऊ शकतं आणि डिस्कचा चिखल होतो. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये आवृत्ती डेटास्टोअरला चिकटवा, होस्टला नको.

हो, उठतोच. शेवटचं: गेस्टने मोकळी केलेली जागा एनएफएसवर परत मिळते ती एनएफएस ४.२ पासून, ते मानक २०१६ चं. त्याखालची आवृत्ती असेल तर ‘डिस्कार्ड’चा, म्हणजे जागा परत करण्याचा, पर्याय पडद्यावर दाखवू नका. लोक टिक करतात, आणि मग जागा कुठे गेली म्हणून आपल्याला विचारतात. एनकनेक्ट, म्हणजे एकाच सर्व्हरशी अनेक जोडण्या उघडण्याचा पर्याय, राहिलं. त्यावर ज्यांना भांडायचंय त्यांनी बाहेर भेटा.