कॅज्युअल्टीच्या रजिस्टरमधली एक ओळ

(दृश्य: हॉस्पिटलचं गेट, रात्र. स्ट्रेचरची चाकं.)

कॅज्युअल्टीत आलेला पेशंट आजाराचं नाव सांगत नाही. तो सांगतो, 'दोन दिवस जुलाब होतायत.' 'पायाला मुंग्या येतायत.' 'जिना चढवेना.' रजिस्टरमध्ये नोंद होते : वेळ, वय, पत्ता, तक्रार. तपासण्यांचे रिपोर्ट यायला अवकाश असतो, ही ओळ मात्र लगेच तयार होते.

जानेवारी २०२५. पुण्याच्या सिंहगड रोडच्या पट्ट्यातून अशा ओळी वाढू लागल्या. आधी पोट बिघडलेलं, मग काही दिवसांनी पायांतली ताकद गेलेली. जीबीएस, अर्थात गुइलेन-बॅरे सिंड्रोम. जंतूंशी लढायला उठलेली प्रतिकारशक्ती यात आपल्याच नसांवर उलटते. एरवी वर्षाला लाखात एखाद-दुसऱ्याला होणारा हा आजार. एका हॉस्पिटलात दोन पेशंट आले तर कुणीही योगायोग म्हणेल. पण पलीकडच्या हॉस्पिटलातही दोन असले, तर? ते एका कागदावर आणायचे कुणी? पुण्यात काही डॉक्टरांना शंका आली, त्यांनी आरोग्य यंत्रणेला कळवलं. मग एनआयव्हीत, म्हणजे पुण्यातल्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत, नमुने तपासले गेले, काहींत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला, काहींत नोरोव्हायरस. रुग्णसंख्या पुढे दोनशेच्या वर गेली.

(दृश्य: संगणकावरचा आलेख.)

डॉक्टरांना शंका येण्याची वाट न बघता सगळ्या हॉस्पिटलांतल्या तक्रारी रोज एकत्र मांडून बघता येतात. लंडनमध्ये २०१२च्या ऑलिंपिकच्या वेळी इमर्जन्सी विभागांच्या नोंदींवर अशी नजर होती. अमेरिकेत सीडीसी ही सरकारी रोगनियंत्रण संस्था ते बारमाही करते. रुग्णाचं नाव काढून टाकायचं, तक्रारींचे गट पाडायचे : ताप-खोकला, उलट्या-जुलाब, धाप. मग आजच्या सोमवारची तुलना मागच्या सोमवारांशी. रविवारशी केली तर फसगत, कारण सोमवारी गर्दी असतेच. दिवाळीत भाजलेले येणार, दमेकरी येणार; ती साथ नव्हे. आणि टीव्हीवर बातमी झळकली, की मांडी घालून बसल्यावर आलेल्या मुंग्यांनीही माणसं धास्तावून येतात. आकडा फुगतो. तो ओळखायला माणूसच लागतो.

आपल्याकडे २००४पासून एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम आहे. तिथे संशयित लक्षणांचीही नोंद होते. पण पुणेकर मोठ्या संख्येनं खासगी हॉस्पिटल गाठतात, आणि तिथलं रजिस्टर बऱ्याचदा तिथेच राहतं. खरी गळती इथे आहे.

(दृश्य: नांदेड गावातली विहीर.)

दुसरी अडचण पत्त्याची. 'सिंहगड रोड, पुणे' एवढं लिहून भागत नाही. शहरातून खडकवासल्याकडे जाणाऱ्या या रस्त्यावर सगळीकडे एकच पाणी येत नाही. किरकटवाडी, नांदेड (हे पुण्याचं, मराठवाड्याचं नव्हे) ही गावं महापालिकेत आली ती २०२१मध्ये. जीबीएसच्या वेळी संशय नांदेडच्या विहिरीवर गेला. दूषित पाणी शोधायचं तर गाव, वाडी, जमलं तर सोसायटी हवी.

(दृश्य: रस्त्यावरून जाणारी १०८.)

१०८ला फोन केला की पहिला प्रश्न ठिकाणाचाच असतो. त्याशिवाय गाडी निघत नाही. राज्यभरच्या या सेवेचा नियंत्रण कक्ष आहे औंधला, पुण्यातच. ठिकाण, वेळ, तक्रार : तीनही गोष्टी तिथे येतात. सुरुवात तिथून करता येईल. हॉस्पिटलांनी रोज सकाळी आदल्या रात्रीचे आकडे, नावं वगळून, महापालिकेला पाठवायला फार मोठं सॉफ्टवेअर लागत नाही. पत्त्याचा रकाना तेवढा नीट भरलेला हवा.