गूळपाण्यातला बेगल

(दृश्य: परातीत मळलं जाणारं पीठ)

गोव्याच्या पोदेराकडची, म्हणजे पाववाल्याकडची, काकणं (बांगडीसारखे पाव) बेळगावात ओळखीची आहेत. चहात बुडवल्याशिवाय दात लागत नाही इतकी कडक. बेगल दिसायला तसाच, गोल कड्यासारखा. पण पोलंडच्या ज्यू समाजातून आलेला हा पाव भाजण्याआधी उकळत्या पाण्यातून काढतात, म्हणून त्याची साल चिवट आणि आतला भाग मऊ राहतो.

मैदा ५०० ग्रॅम, पाणी २७५ मिली, मीठ १० ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ३ ग्रॅम, चमचाभर गूळ. पाणी कमी वाटेल, तरी वाढवू नका. बन-पावाला एवढ्याच मैद्यात ३०० मिली दूध आणि ५० ग्रॅम लोणी चालतं. बेगलचं पीठ तेवढं सैल झालं तर कडं चपटं होतं. आपल्या नेहमीच्या मैद्यात प्रथिनं बेताचीच, ती कसर मळून भरून काढावी लागते. घड्याळ लावून १५ मिनिटं मळा. पुरीच्या पिठाइतकं घट्ट, पण ताणलं तर चटकन तुटू नये.

तासभर झाका, पावसाच्या झडीत दीड तास. मग १०० ग्रॅमचे आठ गोळे. मधोमध बोट घालून भोक ४ सेंटीमीटर रुंद करा, फुगताना ते आवळतं. रवा भुरभुरलेल्या ताटात, झाकून, रात्रभर फ्रीजमध्ये. यीस्ट थंडीत सावकाश काम करतं आणि चव तेव्हाच मुरते.

(जवळून: वाडग्यात तरंगणारं कडं)

सकाळी एक कडं गार पाण्यात सोडा. तरंगलं तर तयार. बुडालं तर सगळी अर्धा तास बाहेर ठेवा. फार फुगलेलं कडं मात्र सावरत नाही. उकळताना सुरकुततं, ओव्हनमध्ये बसतं.

दोन लिटर पाण्याला दोन चमचे गूळ. मूळ रीत बार्लीच्या माल्टची, म्हणजे मोड आणलेल्या बार्लीच्या गोड अर्काची, पण उसाच्या या मुलखात गूळच घ्यावा. बेळगाव साडेसातशे मीटर उंचीवर, इथे पाणी ९७-९८ अंशांनाच उकळतं. त्याने काही अडत नाही. स्टार्च ७० अंशांच्या आसपासच फुलतो आणि कड्यावर खळीसारखा पातळ थर धरतो. भाजल्यावर चकाकतो तो हाच. एकेक बाजू ४० सेकंद, जास्त नाही. साल आधीच जाड झाली तर आतलं पीठ फुलायला जागा उरत नाही.

झाऱ्याने निथळून काढा, ओल्यावरच तीळ दाबा. ओव्हन आधी तापलेला हवा: २२० अंश, २० मिनिटं. कापायची घाई नको. अर्ध्या तासाआधी सुरी घातली तर आतला भाग चिकट लागतो.