416001 च्या आत काय दडलंय

कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या कुठल्यापण दुकानाची पाटी बघा, पत्त्याच्या शेवटी 416001 असतंय. फॉर्मवर, कुरियरवर आपण हा नंबर इतक्यांदा लिहितो, पण संख्या म्हणून त्याच्याकडं कुणी बघतच नाही, आणि मला मनापासून वाटतं की बघायला पाहिजे.

पिनकोड सुरू झाला 15 ऑगस्ट 1972 ला. ही पद्धत बसवली श्रीराम भिकाजी वेलणकरांनी, मराठी माणूस, टपाल खात्यात मोठे अधिकारी आणि संस्कृतचे कवी. पहिल्या तीन आकड्यांवरनं पत्र कुठल्या भागात जाणार ते कळतं, शेवटच्या तीनवरनं पोस्ट ऑफिस.

आता पोस्ट बाजूला ठेवूया आणि नुसती संख्या फोडूया. 4, 1, 6 आणि 1 ची बेरीज 12, म्हणजे 3 नं भाग जाणार, उरले 138667. इथं जरा दम लागतो, कारण 7, 11, 13, 17, 19 कुणीच दाद देत नाही, आणि मग 23 नं बरोब्बर भाग जातो, 6029 उरतात. हे अजून फुटतंय का? 78 चा वर्ग 6084, म्हणजे 6029 च्या पुढं, त्यामुळं फुटणार असेल तर एक तुकडा 78 च्या आत सापडलाच पाहिजे. म्हणून 73 पर्यंतच्या 21 मूळ संख्या लावून बघायच्या, बास. 67 नं तर अगदी एकानं हुकतंय, 67 गुणिले 90 म्हणजे 6030! 21 पैकी कुणानंच भाग जात नाही, म्हणजे 6029 ही मूळ संख्या. तर 416001 = 3 × 23 × 6029, आणि एकूण विभाजक फक्त आठ.

एक पाऊल मागं या, 416000. हिच्यात 2 आठ वेळा, 5 तीन वेळा आणि एक 13. लागून असलेल्या दोन संख्यांत एकपण मूळ अवयव सारखा नसतो, कधीच नाही, कारण तो असता तर त्यानं त्यांच्यातल्या फरकाला, म्हणजे 1 लापण भाग गेला असता.

पण खरा नाद खुळा नंबर शेजारी सांगलीला आहे भावा, 416416. तीन अंकी संख्येला 1001 नं गुणलं की तीच संख्या दोनदा लिहून येते, आणि 1001 म्हणजे 7 × 11 × 13. त्यात 416 मध्ये स्वतःचा एक 13 आहेच, म्हणून 13 दोनदा आला, शिवाय 2 पाच वेळा. विभाजक किती? 72! स्वतःला सोडून बाकीच्या विभाजकांची बेरीज केली तर शाहूपुरीचे भरतात 162879, म्हणजे 416001 च्या निम्म्यालापण पोचत नाहीत, आणि सांगलीचे 690368, संख्येलाच मागं टाकून पुढं गेलेले.