बशर्री : दरीच्या काठावर दोन दिवस

(दृश्य : सकाळ. वर्दळीचा चौक. मिनीबसच्या दारात उभे क्लीनर.)

लेबनॉनची राजधानी बेरूत. तिथल्या दौरा चौकात सकाळी गावांच्या नावांचा नुसता पुकारा चाललेला असतो. आपल्या वडापसारखंच, गाडी भरल्याशिवाय हलणार नाही. आम्हाला जायचंय बशर्रीला. आधी समुद्राच्या कडेकडेने उत्तरेला, मग उजवीकडे वळून डोंगरात. अंतर शंभर-सव्वाशे किलोमीटर, पण चढ असा की गाव येईपर्यंत आपण महाबळेश्वरच्याही वर गेलेलो असतो. निघताना शर्ट घामाने चिकटला होता, उतरताना पिशवीतून स्वेटर शोधावा लागला.

(दृश्य : लाल कौलं, मागे उघडे डोंगर, खाली दरी.)

गाव दरीच्या अगदी ओठावर बसलंय. अंगणाचा कठडा संपला की थेट कादिशा दरी. 'कादिशा' हा सुर्यानी या जुन्या भाषेतला शब्द, अर्थ 'पवित्र'. इथले बहुतेक लोक मारोनी, म्हणजे इथल्या एका जुन्या पंथाचे ख्रिस्ती. घरात अरबी बोलतात, पण प्रार्थनेत अजून सुर्यानी टिकून आहे. आपल्याकडे पूजेत संस्कृत, तसं.

सप्टेंबर आहे, सफरचंदांचा हंगाम. रस्त्याच्या कडेला क्रेट रचलेत आणि शेजारी एक बाई 'साज'वर भाकरी टाकतेय. साज म्हणजे उलट्या ठेवलेल्या कढईसारखा घुमटदार तवा. पीठ दोन्ही हातांवर झेलत झेलत ती पातळ करते, एका उशीवर पसरते आणि उशीसकट तव्यावर उलटी मारते. खानदेशात खापरावर मांडे टाकतात, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हात ओळखीचे वाटतील. वर तेलात कालवलेलं झातार, म्हणजे रानओवा, तीळ आणि आंबट सुमाक. तिने विचारलं, "हिंदी?" अरबीत भारतीय माणसाला हिंदीच म्हणतात. मराठी माणसाला मान डोलवायला क्षणभर जड जातं, पण भाकरी गरम होती.

(दृश्य : दगडी मठ, अरुंद जिना.)

या गावाचा सगळ्यात प्रसिद्ध मुलगा बारा वर्षांचा असताना गाव सोडून गेला. कवी खलील जिब्रान. जन्म 1883 चा. 1895 मध्ये आई चारही मुलांना घेऊन बोस्टनला निघाली, वडील मागे राहिले. मराठी वाचकाला त्याची ओळख आहे ती वि. स. खांडेकरांमुळे, त्याच्या रूपककथा त्यांनी मराठीत आणल्या. 1931 मध्ये जिब्रान न्यूयॉर्कला वारला आणि त्याच वर्षी त्याची शवपेटी समुद्रमार्गे इथे आली. मार सर्किस हा जुना मठ आपल्याला हवा, असं तो म्हणत असे. तो शेवटी बहिणीने घेतला, त्याच्यासाठी.

आज तिथे संग्रहालय आहे. खोल्या लहान, एकीतून दुसरीत वाकून जायचं. चित्रं, वह्या, न्यूयॉर्कच्या खोलीतलं सामान. सगळ्यात खाली, खडकाच्या पोटात, त्याची समाधी. मी तुमच्यासारखाच जिवंत आहे, तुमच्या शेजारीच उभा आहे, अशा अर्थाचे त्याचे शब्द तिथे लिहिलेत. खरं सांगायचं तर मला ते जरा नाटकी वाटलं. पण आमच्या पुढे उभे असलेले एक आजोबा ओठ हलवत ते वाचत होते, म्हणून आम्ही कॅमेरा खाली केला.

मृत्युपत्रात त्याने पुस्तकांचं मानधन गावाच्या नावे केलं. 'द प्रॉफेट' 1923 मध्ये आलं आणि विकतच राहिलं. डॉलर येत राहिले. मग पैसा कुणी सांभाळायचा यावरून गावातल्या घराण्यांत भाऊबंदकी माजली. प्रेमावर आणि देण्यावर लिहिणाऱ्या कवीचं हे असं.

(दृश्य : चढण. उघडा, करडा डोंगर. मध्येच हिरवा ठिपका.)

गावाच्या वर, सुमारे दोन हजार मीटरवर, सीडरचं बन आहे. 'अर्झ'. लेबनॉनच्या झेंड्यावरचं झाड ते हेच. पहिल्यांदा थोडी निराशाच होते. जंगलाच्या अपेक्षेने आलेल्याला एवढ्या मोठ्या उघड्या डोंगरावर हा एक ठिपका दिसतो. पण गोष्ट त्या उघड्या डोंगराचीच आहे. इजिप्तच्या खुफू राजाची नौका या लाकडाची. जेरुसलेमच्या सॉलोमनच्या मंदिराला लाकूड इथलंच, असं बायबल सांगतं. रोमन सम्राट हेड्रियनने राखीव झाडांच्या हद्दी खडकांवर कोरून घेतल्या, तरी तोड थांबली नाही. उरलेली रोपं शेळ्यांनी खाल्ली. 1876 मध्ये बनाभोवती दगडी भिंत घातली गेली, तिचा खर्च राणी व्हिक्टोरियाने दिला. शेळ्यांसाठी भिंत, पैसे लंडनचे.

आत गेलं की आवाज बदलतो. हा आपल्या हिमालयातल्या देवदाराचा सख्खा भाऊ. फांद्या आडव्या, मजल्यांसारख्या. शंकू फांदीवर ताठ उभे राहतात आणि झाडावरच सुटे होतात, त्यामुळे खाली अख्खा शंकू क्वचितच सापडतो. सापडतात ते पंख्यासारखे चपटे खवले. मी एक उचलला. बोटांना राळ लागली, ती दोन दिवस गेली नाही.

(दृश्य : दरीत उतरणारी पायवाट, कड्यात कोरलेल्या खोल्या.)

दुसऱ्या दिवशी दरीत. कड्यांत कपारी, कपारींत मठ. 1998 पासून दरी आणि बन दोन्ही युनेस्कोच्या यादीत आहेत. त्यातला एकच मठ सांगतो, कोझहय्या. इथे 1610 मध्ये बायबलमधली स्तोत्रसंहिता छापली गेली, एका रकान्यात सुर्यानी, दुसऱ्यात अरबी. पण अरबीसुद्धा सुर्यानी लिपीत! आणि त्यानंतर सहाच वर्षांनी, 1616 मध्ये, गोव्यात रायतूरला फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं; भाषा मराठी, लिपी रोमन. दोघांना एकमेकांचा पत्ता असण्याचं कारण नाही. त्या थंड दालनात उभं असताना मला मात्र रायतूर आठवत राहिलं.

(दृश्य : संध्याकाळ. दिवे जातात. जनरेटरची घरघर.)

सरकारी वीज केव्हा येईल याचा भरवसा नाही, म्हणून जनरेटरवाल्याची वर्गणी भरायची. पूर्वी डॉलरला साधारण 1,500 लिरा मिळायचे, आर्थिक संकटानंतर भाव 89,500 च्या आसपास गेला. पगार कागदावर राहिले, तरुण बाहेर पडले. ऑस्ट्रेलिया, अमेरिका, आखात. ज्या घरी आम्ही उतरलो, तिथे भिंतीवर फोटोच जास्त, माणसं दोनच.

(दृश्य : परतीची मिनीबस.)

निघताना एका आजींनी ड्रायव्हरच्या हातात सफरचंदांची पिशवी दिली, वर चिठ्ठी बांधलेली. एसटीच्या कंडक्टरकडे डबा देतात तशी. ड्रायव्हरने काही न विचारता ती स्वतःच्या पायाशी ठेवली.

दौरा चौकात पाठीवर लॅपटॉपची सॅक घेतलेला एक मुलगा उभा होता. त्याने चिठ्ठी वाचायच्या आधी एक सफरचंद काढलं, शर्टाला पुसलं आणि खात खात गर्दीत निघून गेला.