खाऱ्या पाण्याने वाळलेल्या झाडांचं घर

फोटोत साल काढलेले हे उंच खांब दिसतायत ना, ही सीडरची झाडं आहेत, अख्खे बुंधेच उभे केलेत, 19 बुंधे. हे जपानमधलं रिकुझेन्ताकाता. 11 मार्च 2011 ला त्सुनामी आली, किनाऱ्यावरच्या सुमारे 70,000 पाइनपैकी एकच झाड उभं राहिलं, आणि जिथे पाणी चढलं तिथली ही सीडरची झाडं मीठ मुळांत गेल्यामुळे जागच्या जागी वाळली. त्यांना सरपण न करता त्यांचंच घर बांधलं.

मुळात प्रश्न असा होता की त्सुनामीत घर गेलेल्यांना तात्पुरत्या वसाहतीत डोक्यावर छप्पर मिळालं, पण चार माणसांनी बसायचं कुठे? आर्किटेक्ट तोयो इतो यांनी 'सगळ्यांचं घर' ही कल्पना मांडली, पहिलं ऑक्टोबर 2011 मध्ये सेंदाईला झालं, त्याला लाकूड पार दक्षिणेतल्या कुमामोतोने दिलं. सेंदाईत इतोंनी आधी लोकांनाच विचारलं, तुम्हाला काय हवंय, आणि मग लाकडाची शेगडी आली, बसायला ओसरी आली, स्वतःची स्टाईल त्यांनी बाजूला ठेवली. माझ्या मते सगळ्यात मोठं काम हेच.

इथे रिकुझेन्ताकातात त्यांनी तीन तरुण आर्किटेक्ट बरोबर घेतले, सोउ फुजिमोतो, कुमिको इनुइ, अकिहिसा हिराता, आणि फोटोग्राफर नाओया हाताकेयामा, ज्यांचं हे स्वतःचं गाव, आई याच त्सुनामीत गेली. ही मॉडेलं बघा, एकावर एक, आधी प्रत्येकाची वेगळी कल्पना, मग गावातल्या एका बाईंनी, ज्या लोकांना एकत्र आणत होत्या, जागाच बदलायला लावली, जिथून वाहून गेलेलं गाव दिसतं तिथे, आणि त्या जागेवर उभं राहिल्यावर डिझाइन सुटत गेलं. खांब, त्यांच्याभोवती फिरत वर जाणारा जिना, सज्जे, आणि मध्ये छोटीशी खोली, एकूण जागा सुमारे 30 चौरस मीटर.

2012 मध्ये व्हेनिस बिएनाले या आर्किटेक्चरच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात जपानने या घराचंच काम मांडलं, आणि त्याला गोल्डन लायन हा तिथला मोठा पुरस्कार मिळाला. पुढे जमीन उंच करायच्या कामात हे घर उतरवावं लागलं.

लाकूड देणाऱ्या कुमामोतोतच एप्रिल 2016 मध्ये भूकंप झाला, आणि या वेळी तात्पुरत्या वसाहतींच्या प्लॅनमध्येच 'सगळ्यांचं घर' होतं.